मेंदूस्नेही वर्ग आणि पाण्याचा प्रश्न

गेल्या मे महिन्यात तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांचे एक प्रशिक्षण भरले होते. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. प्राथमिक शाळेशी माझा संबंध आता तिथून शिकून आलेल्या मुलामुलींपुरताच. तरीही भाषा शिकवण्याविषयी तासभर बोलायला मला बोलावले होते. माझ्या आधी एका तज्ज्ञांचे व्याख्यान झाले. विषय होता 'मेंदूस्नेही वर्ग'. पडद्यावर मेंदूचे रंगीत चित्र होते. मूल घाबरले की मेंदूचा कोणता भाग जागा होतो, कोणता भाग काम थांबवतो, हे त्यांनी चांगले समजावून सांगितले. मग वर्ग कसा असावा याची यादी आली. भिंतींचे रंग सौम्य असावेत, मुलांनी गोलात बसावे, मधूनमधून गाणे असावे, अंगाची हालचाल असावी. यादीच्या शेवटी ते म्हणाले, मेंदूला पाणी लागते, म्हणून मुलांना हवे तेव्हा पाणी पिऊ द्या.

सभागृहातल्या शिक्षकांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. मी मागच्या रांगेत बसले होते. त्या वाक्यापाशी मी अडखळले, ती अजून अडखळलेलीच आहे.

बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणाविषयी फार थोडे लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत शाळेतल्या पाण्याची हकीगत आहे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी काढायची. ती मिळाली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा.

त्या मुलाच्या मेंदूला पाणी लागत नव्हते काय?

हा प्रश्न मी त्या तज्ज्ञांची खिल्ली उडवण्यासाठी विचारत नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते अर्धे आहे, आणि जे अर्धे गळले ते नेमके आपले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मेंदूस्नेही शिक्षणाचा विचार भयाला मनाची अवस्था समजतो आणि ती घालवण्यासाठी वातावरण बदलायला सांगतो. आमच्या मुलांचे भय ही मनाची अवस्था असण्याआधी वर्गातली एक व्यवस्था असते. कोण कुठे बसतो, कोण पाणी काढतो, कोण झाडतो, कोणाचे नाव कशासाठी पुकारले जाते, यांतून ते रोज नव्याने तयार होते. ती व्यवस्था तशीच ठेवून भिंती रंगवल्या तर मुलांच्या मेंदूपर्यंत काहीच पोचत नाही.

१

हा विचार आला कुठून? १९८३ साली लेस्ली हार्ट या अमेरिकन लेखकाने मेंदूच्या कामाशी जुळणारे शिक्षण असा विचार मांडला. १९९१ साली रेनेट आणि जेफ्री केन या दांपत्याने त्याची बारा तत्त्वे केली. अमेरिकन सरकारने १९९० पासूनचे दशक 'मेंदूचे दशक' म्हणून जाहीर केले होते. त्या वाऱ्यावर शिक्षकांसाठी पुस्तके निघाली, शिबिरे झाली, आणि हळूहळू ते शब्द आपल्याकडच्या प्रशिक्षणांतही आले.

यातले पक्के काय ते आधी मान्य केले पाहिजे. धोका जाणवला की शरीरात ताणाची द्रव्ये वाढतात, कॉर्टिसॉल त्यांपैकी एक. अशा वेळी कपाळामागचा जो भाग विचार करतो, बेत आखतो, दोनचार गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरतो, त्याचे काम मंदावते. ताण क्षणाचा असेल तर तो ओसरतो. रोजचा असेल तर स्मरणावर परिणाम करतो. नवे ज्ञान जुन्या ज्ञानाला धरून वाढते हेही तितकेच पक्के आहे. मुलाच्या मनात ज्याला खुंटी नाही ते तिथे टांगता येत नाही.

कच्चेही पुष्कळ आहे. अमुक मूल डाव्या मेंदूचे, तमुक उजव्या मेंदूचे. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी हातांनी. म्हणून ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवा, या मताला प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. जॉन ब्रूअर यांनी १९९७ सालीच इशारा दिला होता की मज्जापेशी आणि फळा यांमधले अंतर एका उडीत पार होणारे नाही. तरी ही मते शिबिरांतून टिकून आहेत. ती का टिकतात हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

मला तरी त्यांत एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. हा मुलगा हातांनी शिकणारा, याला वाचन-गणित कशाला, याला काहीतरी करायला द्या. हा जुना अधिकारभेदच नव्हे काय? कोणाच्या वाट्याला मुख, कोणाच्या वाट्याला पाय, ही वाटणी पुरुषसूक्ताने केली होती. आता तीच वाटणी मेंदूच्या चित्रावर काढली जाण्याचा धोका आहे. 'शैली' हा शब्द निरुपद्रवी दिसतो. पण वस्तीवरच्या मुलाची शैली ठरवणारा शिक्षक त्याच्या हातांकडे पाहून ती ठरवतो की त्याच्या आडनावाकडे पाहून, हे कोण तपासणार?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. केन दांपत्याच्या बारा तत्त्वांत एक असे आहे की आव्हानाने शिकणे वाढते आणि धाकाने खुंटते. या तत्त्वाचे दोन पाय आहेत. आपल्याकडे 'आनंददायी' या नावाखाली पुष्कळदा एकच पाय आला. गाणी आली, खेळ आले, टोप्या आल्या, आणि आव्हान मात्र गाळले गेले. पैसेवाल्यांच्या शाळेत मूल तिसरीत इंग्रजी वाचते. आमचे मूल तिसरीत टाळ्या वाजवते आणि त्याचा फोटो वर पाठवला जातो. मुलाला रडवू नका हे बरोबर. पण 'याला झेपणार नाही' असे मनाशी ठरवून त्याला हसत ठेवणे हाही अपमानच आहे. त्याचा वळ दिसत नाही इतकेच.

२

आता साहित्याकडे येते, कारण मी ज्या पुराव्याबद्दल बोलते आहे तो प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आपल्या आत्मकथनांत नोंदला गेला आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आरंभीच शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसतात, महारांची मुले वेगळी. त्यांच्या डब्यांतले आणि यांच्या फडक्यांतले अंतर आहे. मग उरलेले अन्न यांना दिले जाते. आपल्या समीक्षेने या प्रसंगावर बरेच लिहिले. भूक, उष्टे, लाचारी, वेदना हे शब्द वापरले. माझ्या दृष्टीने त्या प्रसंगाचा कणा त्यानंतर येतो. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलगा लिहू शकत नाही. गुरुजी त्याला शिवी देतात, त्याच्या खाण्यावरून टोमणा मारतात.

शिक्षणशास्त्राच्या चष्म्यातून हा प्रसंग पुन्हा वाचा. मुलाला स्वतःच्या अनुभवावर लिहायला लावणे ही आजच्या मेंदूस्नेही वर्गाची लाडकी रीत. प्रत्यक्ष अनुभव, भावनेशी नाते, मग भाषा. लिंबाळ्यांच्या गुरुजींनी नकळत हेच केले होते. सहल झाली होती, अनुभव ताजा होता, भावना तर ओसंडून वाहत होती. तरी वही कोरी राहिली. का? अनुभव नव्हता म्हणून नाही. तो लिहिला तर ज्याच्यापुढे वही ठेवायची तोच त्या अनुभवाचा भागीदार होता. ज्या निबंधाची वर्गात अपेक्षा होती त्यात एकच झाड होते, एकच पंगत होती. मुलाने खरे लिहिले असते तर ते 'चूक' ठरले असते, आणि खोटे लिहायला त्याचा हात उठत नव्हता.

हा मुद्दा मला पुस्तकातून कळला नाही. मी तिसरीत असताना बाईंनी विचारले होते, सकाळी काय खाऊन येता? एकेकाने उभे राहून सांगायचे. कोणी पोहे म्हणाले, कोणी दूध-चपाती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "शिळं तुकडं." वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला 'शिळी भाकरी' असा शुद्ध शब्द सांगितला आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. त्यानंतर सातवीपर्यंत मी वर्गात हात वर केल्याचे मला आठवत नाही. उत्तर येत असे. पण ते आधी मनात घोळवावे लागे : यात 'न' आहे की 'ण', हा शब्द आपल्या गल्लीतला आहे की पुस्तकातला, हे बोलले तर कोण हसेल. तोवर दुसऱ्या कोणाचा तरी हात वर जात असे. आज मी वाचते की कामचलाऊ स्मरणाची जागा फार थोडी असते, काळजीने ती भरली की विचाराला उरत नाही. हे मला नव्याने शिकावे लागले नाही.

घरची बोली ही मुलाची खुंटी आहे. ती 'अशुद्ध' म्हणून उपटून काढायची आणि मग नवे ज्ञान टांगायला जागा शोधायची, हा आपल्या भाषाशिक्षणाचा धंदा आहे. प्रमाणभाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून माझे आज पोट भरले नसते. पण ती दुसरी म्हणून शिकवावी, पहिलीचा अपमान करून शिकवू नये.

आपल्या समीक्षेने आत्मकथनांना 'वेदनेचे दस्तऐवज' म्हटले. त्यात सहानुभूती होती, पण एक सोयही होती. वेदना वाचून हळहळता येते आणि पुस्तक मिटता येते. हीच पुस्तके 'वर्ग कसा चालतो याचे निरीक्षण' म्हणून वाचली असती तर ती अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात लावावी लागली असती. आमच्या लेखकांनी शेवटच्या रांगेतून वर्ग पाहिला, आणि तिथून फळ्यापेक्षा वर्ग अधिक दिसतो.

३

प्रयोगाशिवाय काहीच न मानणारांसाठी एक प्रयोग सांगते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत केला आणि २००४ साली मांडला. उच्च जातींतले ३२१ आणि दलित जातींतले ३२१ शाळकरी मुलगे निवडले. काम एकच : कागदावरचे भुलभुलैये सोडवायचे, सुटतील त्याप्रमाणे पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर प्रत्येकाची जात वाचून दाखवली तेव्हा मोठी दरी पडली. दलित मुले मागे गेली.

पुष्कळदा हा प्रयोग इथेच सोडून दिला जातो, आणि निष्कर्ष काढला जातो की जातीचा उल्लेखच नको. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. बक्षीस कोणाला मिळायचे हे चिठ्ठी टाकून ठरू लागले तेव्हा ती दरी नाहीशी झाली. चिठ्ठीला जात कळत नाही. याचा अर्थ काय? मुलांचे डोके जातीच्या उच्चाराने बधिर झाले एवढाच अर्थ असता तर चिठ्ठीने ते सुधारायला नको होते. कष्टाचे मोल देणारा हात आपल्याशी न्यायाने वागेल असा भरवसा त्या मुलांना नव्हता. भरवसा नसेल तिथे मन लावून काम करणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे दहाबारा वर्षांच्या मुलालाही कळते. ते त्याच्या आजाच्या अनुभवातून त्याच्यापर्यंत आलेले असते. त्या मुलांचे मेंदू अगदी नीट चालत होते. ते अन्यायाचा बरोबर हिशोब करत होते.

मेंदूस्नेही वर्गाच्या सर्व चर्चेत मला हे एक वाक्य हवे होते आणि ते मिळाले नाही : मेंदूला न्याय लागतो.

इथे स्वतःचा कबुलीजबाब दिला पाहिजे. मी प्राध्यापक झाल्यावर पहिल्याच वर्षी शिपाई वर्गात एक यादी घेऊन आला. शिष्यवृत्तीचे अर्ज अपुरे असलेल्यांची. मी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "ज्यांची नावे आली त्यांनी उभे राहा." अकरा मुले उभी राहिली. बसलेल्यांनी मान वळवून पाहिले. मीही एके काळी अशीच उभी राहिले होते, आणि तरी मला काही वावगे वाटले नाही. तो तास संपेपर्यंत त्या अकरांपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तो लपवण्याची गोष्ट नाही. पण हक्क देण्याची रीत उघड्या अंगाने उभे करण्याची असेल तर घेणाऱ्याला ती भीक वाटते. आता यादी फलकावर अर्ज क्रमांकाने लावली जाते. हे करायला मला दोन वर्षे लागली, आणि मेंदूचे एकही पुस्तक लागले नाही.

४

पाण्यानंतर भाकरी. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के तो खातो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात हाच वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'त (१९७९) भूक आणि अक्षर शेजारी शेजारी का चालतात ते या आकड्यांवरून ध्यानात येईल. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २००४ साली स्वयंपाकासाठी दलित-आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. पुढे काय झाले? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग इथल्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि काम तिचेच गेले. बोभाटा झाल्यावर तिला परत घेतले. त्या वर्गातल्या दलित मुलांनी त्या आठवड्यात काय शिकले असेल? महाराष्ट्रात २०२३ साली मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला. मेंदूच्या रंगीत चित्रापुढे बसणाऱ्यांनी त्या अंड्याविषयीही चार शब्द बोलायला हवे होते.

५

मग शिक्षकाने करायचे काय? सगळी व्यवस्था बदलेपर्यंत हात बांधून बसायचे? तसे मी म्हणत नाही.

कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) आपल्या संस्कृतच्या शिक्षणाची कथा सांगितली आहे. गोखले गुरुजी कर्मठ असतील या धास्तीने ती मुलगी त्यांच्या वर्गात बसते, आणि ते तिला मनापासून संस्कृत शिकवतात. त्यांनी आव्हान काढून घेतले नाही, उलट सर्वांत अवघड, सर्वांत निषिद्ध मानलेली विद्या तिच्यापुढे ठेवली. धाक नाही आणि आव्हान पुरे : केन दांपत्याचे तत्त्व हेच. पण गोखले गुरुजी सगळ्यांच्या नशिबी नसतात. एकाच्या चांगुलपणावर लाखो मुलांचे शिक्षण सोपवता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून सांगितले, त्याचबरोबर शिक्षक कष्टकऱ्यांतून घ्या असेही सांगितले, कारण ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ती मागणी भावनेची नव्हती, व्यवस्थेची होती.

मला चौथीला लाभलेल्या बाई आमच्यातल्या नव्हत्या. फार प्रेमळही नव्हत्या. आमच्या शाळेत दाराशी पाण्याचा रांजण असे. आमच्या गल्लीतल्या मुलांनी ओगराळ्याला हात लावायचा नाही, वरच्या आळीतला एखादा मुलगा वरून ओती, आम्ही ओंजळ धरायची. कोणी तसा नियम लिहिला नव्हता. बाई आल्या त्या आठवड्यात त्यांनी हजेरीपट काढला आणि त्याच्या क्रमाने पाळ्या लावल्या : आज हा पाणी वाढील, उद्या ही, हाच क्रम झाडण्याला. ज्याची पाळी तोच ओगराळे धरील, बाकीच्यांनी त्याच्या हातचे प्यायचे. दोन घरांतून तक्रारी आल्या. बाईंनी वाद घातला नाही, हजेरीपट दाखवला. माझा क्रमांक तेविसावा होता. तेविसाव्या दिवशी मी वर्गाला पाणी वाढले. पाटलांच्या नातवाने पेला पुढे केला आणि मी तो भरला.

त्या बाईंना मेंदूची रचना ठाऊक असावी असे वाटत नाही. त्यांनी चिठ्ठीचेच काम हजेरीपटाकडून करून घेतले होते.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. कलम २१ शाळा व्यवस्थापन समिती देते, आणि तीत दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. आपले कार्यकर्ते मोर्चाला जातात, पण या समितीच्या बैठकीला क्वचित जातात. पुढच्या बैठकीला जावे, वर्गात जाऊन बसावे, आणि भिंतींचा रंग पाहण्याआधी एवढे विचारावे. पाणी कोण काढतो? संडास कोण धुतो? मागच्या रांगेत कोण बसते, आणि कधीपासून? यादी वाचताना कोणाला उभे करतात? कोणाच्या बोलण्यावर वर्ग हसतो आणि तेव्हा शिक्षक काय करतात? अवघड गणित फळ्यावर सोडवायला कोणाला बोलावतात?

उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. त्या दिवशी सभागृहात माझी पाळी आली तेव्हा भाषेवरचे भाषण बाजूला ठेवून मी शिक्षकांना हेच सहा प्रश्न दिले. बरेच जण गप्प होते. मागून एक तरुण शिक्षक उठले आणि म्हणाले, "पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही, मॅडम. सोमवारी पाहतो." मेंदूविषयी त्या दिवशी झालेल्या साऱ्या बोलण्यात मला ते वाक्य सर्वांत आशेचे वाटले.